पंच्याण्णव टक्के अचूक, पण कोणावर?

जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयरोगाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडी चाचण्यांवर बंदी घातली. आयात, उत्पादन, विक्री, वितरण, सगळंच बंद. त्याआधी जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नका असं जाहीर केलं होतं. क्षयरोगाच्या बाबतीत 'हे करू नका' अशी शिफारस करण्याची संघटनेची ती पहिलीच वेळ. तिच्या अंदाजाने तेव्हा दरवर्षी अशा दहा लाखांहून जास्त चाचण्या होत होत्या आणि काही ठिकाणी एका चाचणीला तीस डॉलरपर्यंत पैसे मोजावे लागत होते. भारतातले खासगी दवाखाने आणि लॅब ही त्यांची मोठी बाजारपेठ. किट बहुतांशी युरोप-अमेरिकेत बनलेली, पण त्यांना कुठल्याही मान्यताप्राप्त नियामक संस्थेची मंजुरी नाही, असं संघटनेचंच म्हणणं होतं.

बंदीकडे बघण्याचा सूर तेव्हा असा होता की निकृष्ट माल पकडला गेला, प्रश्न मिटला. मला त्या प्रकरणातली वेगळी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या चाचण्यांमागे संशोधन नव्हतं असं अजिबात नाही. भरपूर होतं. संघटनेने शिफारस करण्याआधी ९४ अभ्यास तपासले, त्यातले ६७ फुप्फुसाच्या क्षयावरचे. त्या ६७ अभ्यासांत चाचणीने खऱ्या क्षयरुग्णांपैकी किती जणांना पकडलं? शून्य टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत. क्षय नसलेल्यांपैकी किती जणांना 'नाही' म्हणून बरोबर सोडलं? ३१ पासून १०० टक्क्यांपर्यंत. विक्रेत्याला ९५ टक्क्यांचा कागद हवा असेल तर तो त्या ढिगात सापडणारच. आणि तो कागद खोटाही नसणार. छापून आलेला, तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेला, आकडेमोड बरोबर असलेला कागद.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: चाचणीची अचूकता किटच्या खोक्यात नसते. ती ज्या अभ्यासात मोजली गेली त्या अभ्यासाची, त्यात घेतलेल्या माणसांची असते. तो अभ्यास उघडून वाचण्याची सोय आणि सक्ती नसेल, तर एका किटवर बंदी घालून काही साधत नाही. दुसरं किट त्याच वाटेने येतं.

दोन शब्द आधी नीट करून घेऊ. संवेदनशीलता म्हणजे ज्यांना आजार खरोखर आहे त्यांच्यापैकी किती जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली. विशिष्टता म्हणजे ज्यांना आजार नाही त्यांच्यापैकी किती जणांची निगेटिव्ह आली. दोन्ही आकडे काढायला 'खरोखर' कशावरून ठरवायचं हा प्रश्न सुटावा लागतो. म्हणून एक संदर्भ चाचणी लागते, जिला डॉक्टर मंडळी गोल्ड स्टँडर्ड म्हणतात. क्षयासाठी बेडक्याचं कल्चर (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं), हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी अँजिओग्राफी, कर्करोगासाठी बायोप्सी. नव्या चाचणीचा निकाल या संदर्भ चाचणीशी ताडायचा, चार रकान्यांचा तक्ता भरायचा, भागाकार करायचा. गणित आठवीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. घोळ होतो तो तक्त्यात कोण बसवलं यात.

अभ्यास करणाऱ्याला सर्वांत सोपं काय? रुग्णालयातले पन्नास पक्के, महिनोन्‌महिने आजारी असलेले रुग्ण घ्यायचे. समोर पन्नास धडधाकट रक्तदाते किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी उभे करायचे. दोन्ही गटांवर चाचणी करायची. आकडे देखणे येतात. पण अशा अभ्यासात चाचणीने जो फरक ओळखला, तो ओळखायला चाचणीची गरजच नव्हती. दारातून आत येणाऱ्या माणसाकडे बघून वॉर्डबॉयनेही तो सांगितला असता. हापूस आणि नारळ यांतला फरक कळणारा माणूस हापूस आणि कर्नाटकी आंबा यांतला फरक ओळखेलच असं नाही, आणि पेटी विकत घेताना आपली अडचण दुसऱ्या प्रकारची असते. डॉक्टरसमोर धडधाकट विद्यार्थी येत नाही. तीन आठवडे खोकणारा, वजन थोडं घटलेला, विडी ओढणारा, कदाचित दमा असलेला, कदाचित क्षय असलेला माणूस येतो. चाचणी तिथे कामाची ठरते की नाही, एवढंच बघायचं असतं.

हा फरक किती पडतो याचं माझं आवडतं उदाहरण हृदयाचं आहे. बीएनपी नावाचा एक घटक हृदयावर ताण आला की रक्तात वाढतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची ताकद कमी झालेले रुग्ण या रक्तचाचणीने ओळखता येतील का, हे तपासताना आधी निवडलेल्या गटांवर अभ्यास झाला: एकीकडे आजार पक्का असलेले, दुसरीकडे हृदय ठणठणीत असलेले. संवेदनशीलता ९८ टक्के, विशिष्टता ९२. यावर कुठलीही कंपनी जाहिरात छापेल. मग हीच चाचणी फॅमिली डॉक्टरांनी संशयावरून पाठवलेल्या, एकामागोमाग एक आलेल्या १२६ रुग्णांवर करून पाहिली. त्यांतल्या ४० जणांना आजार निघाला आणि त्या ४० पैकी ३५ जणांची चाचणी पॉझिटिव्ह होती. इथवर ठीक. पण ज्या ८६ जणांना तो आजार नव्हता, त्यांच्यापैकी ५७ जणांचीही चाचणी पॉझिटिव्ह आली. विशिष्टता ९२ वरून ३४ टक्क्यांवर. रेणू तोच होता. माणसं बदलली होती. डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स या क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीतल्या दोन जाणत्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे आकडे शेजारी शेजारी ठेवले, आणि निदानाच्या संशोधनाच्या पायऱ्या कशा चढायच्या हे दाखवलं. (बीएनपी म्हणून मोडीत निघाली नाही. धाप लागलेल्या रुग्णाची ती नॉर्मल आली तर हृदय निकामी होण्याची शक्यता बाजूला ठेवायला ती आजही उपयोगी पडते. चाचणी कशासाठी वापरायची हे चांगल्या अभ्यासातूनच कळतं, ते असं.)

ही एखाददुसरी गंमत नव्हे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १८४ निदान-अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखवलं की पक्के रुग्ण विरुद्ध निरोगी माणसं अशा रचनेत चाचणीची ताकद सरासरी तिप्पट फुगलेली दिसते. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच हे मोजून झालेलं आहे. २००३ पासून असे अभ्यास कसे लिहावेत याची आंतरराष्ट्रीय यादी आहे, २०१५ मध्ये ती सुधारून तीस कलमांची झाली. ते कसे वाचावेत याचंही साधन २०११ पासून तयार आहे: रुग्ण कसे निवडले, चाचणी कशी केली, संदर्भ चाचणी कोणती, आणि मध्ये कोण गळलं. चार प्रश्न. हे चार प्रश्न आपल्याकडे खरेदीच्या टेबलावर कोण विचारतं?

दुसरी खोट जास्त लबाड आहे, कारण तिच्यात कोणाचाच वाईट हेतू नसतो. पन्नाशी ओलांडली की हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये टीएमटी येते. पट्ट्यावर चालवायचं, ईसीजी काढायचा. पॉझिटिव्ह आली की अँजिओग्राफी. निगेटिव्ह आली की घरी. व्यवहार म्हणून हे योग्यच आहे. निगेटिव्ह आलेल्या माणसाच्या नसेत उगाच नळी कोण घालेल? पण याच नोंदींवरून टीएमटीची अचूकता काढायला बसलो तर काय होतं पहा. आजार असूनही ज्यांची टीएमटी निगेटिव्ह आली, ती माणसं अँजिओग्राफीपर्यंत पोचतच नाहीत. चाचणीने ज्यांना चुकवलं ते हिशेबातूनच गेले. १९८९ मध्ये अशा अनेक अभ्यासांची सरासरी काढली तेव्हा टीएमटीची संवेदनशीलता ६८ टक्के आली होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१४ पुरुषांनी आधीच कबूल केलं की टीएमटी काहीही येवो, आम्ही अँजिओग्राफी करून घेऊ. त्यात संवेदनशीलता निघाली ४५ टक्के. विशिष्टता मात्र जुन्या ७७ वरून ८५ वर गेली. म्हणजे चाचणीचा स्वभावच वेगळा निघाला. पॉझिटिव्ह आली तर थोडं गंभीरपणे घ्यावं, निगेटिव्ह आली तर फार निश्चिंत होऊ नये. 'टीएमटी नॉर्मल आहे' या तीन शब्दांवर कितीजण छातीतलं दुखणं अॅसिडिटीच्या खात्यावर टाकतात, ते आपण रोज पाहतो.

आता विडाल. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ताप तीन दिवस टिकला की विडाल होते आणि 'टायफॉइड निघाला' हे वाक्य घरी येतं. फर्नांद विडाल याने पॅरिसमध्ये १८९६ साली ही चाचणी मांडली. टायफॉइडच्या जंतूंविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी ती मोजते. जिथे टायफॉइड क्वचित होतो तिथे या अँटिबॉडी रक्तात सापडणं ही बातमी आहे. आपल्याकडे पूर्वी कधीतरी जंतूशी गाठ पडलेली, लस घेतलेली, साल्मोनेलाच्या दुसऱ्याच भावंडाने गाठलेली माणसं जागोजागी आहेत. धडधाकट माणसाच्या रक्तातही काही प्रमाणात त्या सापडतात. उलट खरा टायफॉइड असेल तर पहिल्या आठवड्यात त्या पुरेशा वाढलेल्या नसतात. सात-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ दाखवावी, असं पुस्तक सांगतं. दुसरा नमुना द्यायला परत कोण येतो? तोवर अँटिबायोटिक सुरू होऊन ताप उतरलेला असतो, आणि बहुधा तो आपणहूनच उतरणार होता.

विडालवरचे अभ्यास वाचायला बसलं की निदान-संशोधनातल्या जवळपास सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी भेटतात. तुलना कोणाशी केली? निरोगी रक्तदात्यांशी केली असेल तर उपयोग नाही. मलेरिया, डेंगी, लेप्टोच्या तापाने फणफणलेल्यांशी करायला हवी, कारण गोंधळ त्यांच्यातच होतो. संदर्भ चाचणी कोणती? रक्ताचं कल्चर. पण तेच साधारण ६० टक्के रुग्णांना पकडतं, आणि अँटिबायोटिकची गोळी आधीच पोटात गेलेली असेल तर त्याहून कमी. मग विडाल पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह आलेल्या माणसाला काय म्हणायचं? चूक विडालची की कल्चरची? अस्थिमज्जेचं कल्चर जास्त विश्वासार्ह, पण तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या हाडात सुई घालायची कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. ही अडचण खरी आहे, तिला सोपं उत्तर नाही. म्हणून काही संशोधक शॉर्टकट मारतात: लक्षणं आणि विडाल मिळून 'टायफॉइड' ठरवायचा, आणि मग त्या यादीवर विडालची परीक्षा घ्यायची. उमेदवाराने स्वतःच स्वतःचा पेपर तपासल्यावर दुसरा काय निकाल लागणार.

इथे कोणी म्हणेल, चांगल्या लॅबमध्ये करा, एनएबीएल या लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या. मान्यता महत्त्वाची आहेच. पण ती काय सांगते? नमुना नीट घेतला जातो, यंत्र वेळेवर जुळवलं जातं, आज आणि उद्या त्याच नमुन्याचा तोच आकडा येतो. विडाल बरोबर मोजली गेली आहे एवढी हमी ती देते. बरोबर मोजलेल्या विडालचा तुमच्या तापाशी काय संबंध, याची हमी तिच्यात नाही. लॅबच्या दर्जाची चर्चा आपण हिरिरीने करतो. चाचणीच्या दर्जाची जवळजवळ करतच नाही.

छोट्या आकड्यांबद्दल एकच वाक्य: किटच्या माहितीपत्रकात 'संवेदनशीलता १०० टक्के' असं असेल आणि बारीक अक्षरात '२० पैकी २०' असं असेल, तर खरा आकडा ८३ टक्क्यांपर्यंतही खाली असू शकतो.

समजा अभ्यास निर्दोष आहे. तरी काम संपत नाही, कारण चाचणीचा अर्थ ती कुठे वापरली यावर ठरतो. क्षयाच्या अँटिबॉडी चाचण्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेल्या एकीची संवेदनशीलता बेडक्यात जंतू दिसणाऱ्या रुग्णांत ७६ टक्के आणि न दिसणाऱ्यांत ५९ टक्के आली होती, विशिष्टता ९१-९२. सोयीसाठी ६० आणि ९१ धरू. खोकला घेऊन आलेल्या १००० जणांत १०० जणांना क्षय असेल, तर चाचणी ६० जणांना पकडेल, ४० जणांना 'तुम्हाला क्षय नाही' सांगून घरी पाठवेल, आणि क्षय नसलेल्या उरलेल्या ९०० जणांपैकी ८१ जणांना क्षय आहे म्हणेल. पॉझिटिव्ह आलेले एकूण १४१. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना क्षयच नाही. हीच चाचणी घरोघरी जाऊन केली असती तर? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाचं प्रमाण लाखामागे सुमारे ३१२ निघालं, म्हणजे हजारी तीन. तीनपैकी दोघे सापडले असते आणि सुमारे ९० जणांवर खोटा शिक्का बसला असता. क्षयाचा शिक्का म्हणजे सहा महिन्यांच्या गोळ्या, यकृतावर होणारा परिणाम, ठरलेलं लग्न मोडणं. '९१ टक्के' हा आकडा जाहिरातीत फार देखणा दिसतो.

हे गणित डॉक्टरांना येतं असं आपण धरून चालतो. १९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना विचारलं होतं: आजार हजारात एकाला, चाचणी निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकीने पॉझिटिव्ह दाखवते; पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर साधारण २ टक्के. ते ११ जणांनी दिलं. सर्वांत जास्त जणांचं उत्तर होतं ९५ टक्के. आपल्याकडे परिस्थिती बरी असेल असं मानायला मला आधार दिसत नाही; एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला सार्वजनिक आरोग्याच्या पेपरात दोन व्याख्या पाठ करून हा विषय मागे पडतो.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. छातीचा एक्स-रे संगणक वाचणार, रेडिओलॉजिस्ट नसलेल्या गावात क्षयाचे संशयित शोधणार. कल्पना चांगली आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांत क्षयाच्या चाळणीसाठी अशा संगणकीय वाचनाला मान्यताही दिली. पण कोविडच्या पहिल्या वर्षात याच क्षेत्रात काय झालं ते विसरता कामा नये. केंब्रिजच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या एका आढाव्यात एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरून कोविड ओळखण्याच्या २,२१२ शोधनिबंधांची चाळणी झाली. किमान दर्जाचे म्हणून त्यातले ६२ उरले. दवाखान्यात वापरता येईल असा त्यांत एकही नव्हता. एक चूक तर पुन्हा पुन्हा सापडली: 'कोविड नसलेले' एक्स-रे म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे जुने एक्स-रे वापरले होते. कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे. यंत्राने बहुधा कोविड ओळखायला नव्हे, लहान मूल आणि मोठा माणूस यांतला फरक ओळखायला शिकून घेतलं, आणि अचूकता आली नव्वदच्या वर. आधी पन्नास रक्तदाते होते, आता पाच हजार बालकं, प्रश्न तोच. कोणावर?

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. रात्री दहाला तालुक्याच्या दवाखान्यात तापाचं मूल घेऊन आई येते. कल्चरची सोय नाही, असली तरी अहवाल चार दिवसांनी. अशा वेळी अपुरी का होईना, हाताशी असलेली चाचणी काय वाईट? काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. या युक्तिवादातली कळकळ मला समजते, पण त्यातलं गृहीतक चूक आहे. कमकुवत चाचणी म्हणजे थोडी माहिती नव्हे. अनेकदा ती चुकीची दिशा असते, आणि तिच्यावर आकडा छापलेला असल्यामुळे डॉक्टरच्या अनुभवापेक्षा ती जास्त वजनदार वाटते. विडाल नसती तर त्या डॉक्टरने मूल तपासलं असतं, पाणी कमी झालंय का बघितलं असतं, मलेरियाचा आणि डेंगीचा विचार केला असता, दोन दिवसांनी परत बोलावलं असतं. विडाल पॉझिटिव्ह आल्यावर शोध थांबतो. निदान मिळालेलं असतं.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. चाचण्या लिहिण्यात पैसे आहेत. कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध राज्यात कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. ज्या चाचणीवर कमिशन आहे तिचा अभ्यास नीट वाचण्यात कोणालाच रस नसतो. पण सगळं खापर कटवर फोडणंही मला पटत नाही. प्रामाणिक डॉक्टरही विडाल लिहितो, कारण रुग्णाला कागदावर नाव हवं असतं, आणि 'व्हायरल आहे, चार दिवस थांबा' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण दुसऱ्यांदा जात नाही.

मग करायचं काय? मोठं काही नको, पारदर्शकता हवी. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम २०१८ च्या जानेवारीपासून लागू झाले, निदानाची किट जोखमीनुसार वर्गवारीत आली, नव्या किटसाठी कामगिरीचं मूल्यमापन दाखवणं आलं. हे झालं ते चांगलंच. पण ते मूल्यमापन नेमकं कोणत्या आणि किती माणसांवर झालं, संदर्भ चाचणी काय होती, किती नमुने 'अनिश्चित' म्हणून वगळले, हे किट लिहून देणाऱ्या डॉक्टरला सहज उघडून वाचता आलं पाहिजे. तशी सोय आज नाही. आणि हे अशक्य नाही, कारण एकदा झालेलं आहे. जून २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या अँटिजेन किटला मान्यता देताना आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आकडे उघड सांगितले: संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के, विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के. त्यातूनच नियमही निघाला, की पॉझिटिव्ह आली तर खरी धरा, लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा. पुढे अनेक राज्यांनी तो दुसरा भाग पाळला नाही आणि सप्टेंबरमध्ये केंद्राला त्याबद्दल राज्यांना पत्र लिहावं लागलं. पण निदान तो नियम मोडला गेला हे तरी दिसलं, कारण आकडे सर्वांसमोर होते. राज्याच्या आरोग्य खात्याच्या, महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या किट खरेदीच्या निविदांत एक अट घालता येईल: ज्या प्रकारच्या रुग्णांवर ही चाचणी इथे होणार आहे, तशा रुग्णांवर, एकामागोमाग आलेल्या सगळ्यांवर, झालेला अभ्यास जोडा. नसेल तर दर कितीही कमी असो, निविदा बाद.

असे अभ्यास गरीब देशात, गर्दीच्या दवाखान्यात होत नाहीत, ही सबब आपल्याकडे तरी चालणार नाही. क्षयासाठीची जीनएक्सपर्ट चाचणी, जिला आपण सीबीनॅट म्हणून ओळखतो, २०१० मध्ये १,७३० संशयित रुग्णांवर तपासली गेली. पाच केंद्रांपैकी एक मुंबई होतं. संदर्भ चाचणी कल्चर. बेडक्यात जंतू दिसणाऱ्यांत एका चाचणीने ९८.२ टक्के रुग्ण पकडले, न दिसणाऱ्यांत ७२.५ टक्के, विशिष्टता ९९.२. त्यातला ७२.५ हा आकडा मला सर्वांत जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण तो लपवलेला नाही.

आणि त्याही पुढची पायरी मराठवाड्यातल्या खेड्यांनी चढून दाखवली आहे. चाचणी आजार अचूक ओळखते, ठीक. पण ती केल्याने माणसं कमी मरतात का? हा प्रश्न विचारायची वेळ फार थोड्या चाचण्यांवर येते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांच्या अभ्यासात सामील झाल्या. चार गट: एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) शोधणारी चाचणी, पॅप स्मिअर (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं, आणि नेहमीचीच व्यवस्था. निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, काहीच चाचणी न झालेल्या गटात ६४. बाकी दोन चाचण्यांनी एका फेरीत मृत्यूंत ठळक घट दाखवली नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात तीच व्हिनेगरची चाचणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. नियंत्रण गटातल्या स्त्रियांना चाचणीविना का ठेवलं, यावर या अभ्यासांवर नैतिक टीका झाली, आणि ती टीका हलक्याने घेण्यासारखी नाही. पण त्या स्त्रियांमुळे आज आपल्याला माहीत आहे की एकाच तपासणीची संधी मिळणार असेल तर एचपीव्ही चाचणी करावी, आणि व्हिनेगरची करायची असेल तर पुन्हा पुन्हा परत जावं लागेल. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने व्हिनेगरची चाचणी निवडली, दर पाच वर्षांनी एकदा. मुंबईच्या अभ्यासात दोन फेऱ्यांमध्ये दोन वर्षांचं अंतर होतं. ते पाच कशाच्या आधारावर केलं, हे आरोग्य मंत्रालयाला विचारलं गेलं पाहिजे.